शेपटीवरचा पंखा आणि एक सही

डाबकी रोड, अकोला
१ जून २०२६, सोमवार

श्रीमान व्याहीबुवा देवीदासजी यांना भगवंत गावंडेचा, कंबर जितकी वाकू देते तितका वाकून नमस्कार. विहीणबाईंनाही सांगावा. (नमस्कार सांगावा; कंबरेचं नको.)

इकडे सगळं ठीक आहे. नवतप्याचं, म्हणजे नऊ दिवसांचं कडक ऊन चालू असल्यामुळे 'ठीक' हा शब्द सकाळी नऊपर्यंतच खरा असतो, पुढे आपण नुसतं म्हणत राहायचं. तुमची साखर काय म्हणते? डॉक्टरने बंद केलेला गूळ तुम्ही खरंच बंद केला, की विहीणबाईंच्या देखत तेवढा बंद केला? आणि डावा हात? अजून खांद्याच्या वर जात नसेलच. बावीस वर्षं झाली तुमच्या त्या बसच्या अपघाताला. सोयरिकीच्या बैठकीत तुम्ही ती हकीकत सांगितली, साखरपुड्यात सांगितली, लग्नात व्याहीभेटीच्या वेळी मला एकाच हाताने मिठी मारून फोटोवाल्यालाही सांगितली, आणि दर वेळी त्या बेवड्या ड्रायव्हरचा यथासांग उद्धार केलात. हात शेकत जा, एवढंच सुचवतो.

तुम्ही म्हणाल, खिशात फोन असताना हा माणूस कागद का काळा करतो. फोनवर तुम्ही बोलता आणि मी 'हो जी' म्हणतो, अशी आपली लग्नापासूनची वाटणी आहे. या वेळी मला लांबलचक बोलायचं आहे आणि मधेच कोणी 'ते जाऊ द्या' म्हणायला नको आहे. पत्र टपालाने पाठवत नाही. दर्यापूरच्या जीपवाल्याच्या हाती देतो, म्हणजे आज संध्याकाळी तुमच्या ओसरीवर पोचेल.

तर तुम्ही सोपवलेल्या कामाचा अहवाल. काम काय होतं ते तुम्हाला माहीत आहे, पण अहवालात पहिल्यापासून लिहायची पद्धत असते. आपले शिवम जवाईबापू ज्या कंपनीची हेलिकॉप्टरं तपासतात, तिथे एका हेलिकॉप्टरच्या शेपटीवरच्या लहान पंख्यावरून तंटा झाला. वरचा मोठा पंखा यंत्र उचलतो आणि शेपटीवरचा लहान पंखा त्या यंत्राला स्वतःभोवती गरगरा फिरण्यापासून आवरतो, एवढं त्यांनी मला जेवताना ताटावर वाटी फिरवून समजावलं. (वाटीत वरण होतं.) तो लहान पंखा जिथे धरलेला असतो, तिथले भाग ठरावीक तासांच्या उड्डाणानंतर दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहायचे असतात, आणि केसाएवढी चीर दिसली तरी भाग बदलेपर्यंत उडायचं नाही, असा यंत्र बनवणाऱ्याचाच लेखी नियम आहे. जवाईबापूंना रेघ दिसली. त्यांचे साहेब म्हणाले, रंगावरचा ओरखडा आहे. नवा भाग परदेशातून यायला महिना लागणार, यात्रेकरूंची बुकिंगं तोंडावर आलेली, आणि त्या यंत्रावर सही करायचा परवाना असलेला कंपनीतला दुसरा माणूस बायपासच्या ऑपरेशनला गेलेला. म्हणून साहेबांनी सांगितलं, पाच तारखेपर्यंत 'पाहिले, ठीक आहे' लिहून सही करा, नाहीतर नोकरी सोडा. आणि विचार करायला रजेवर धाडलं.

नेमका अधिक महिना लागला, धोंड्याचं जेवण आलं, आणि लेक-जवाई आमच्याकडे आले. तुम्ही फोनवर म्हणालात, "एका सहीनं काय बिघडते जी? तुमी तर बत्तीस वर्षं सह्याच केल्या. समजावा त्याले." मी म्हटलं, हो जी. मला ते पटलंही. मी शेठच्या मिनीबसगाड्यांचा हेडमिस्त्री होतो. रोज सकाळी सात गाड्या, तपासणीच्या वहीत सात सह्या, आणि बत्तीस वर्षांत माझ्या सहीला कोणी बोट लावलं नाही. असा माणूस कालच्या पोराला दोन वाक्यांत वळवील, अशी माझी समजूत होती.

पहिल्या दुपारी जेवणं झाली, मी म्हटलं, जवाईबापू, आतल्या खोलीत पंख्याखाली पडा. ते आत गेले आणि वर पाहत उभे राहिले. मग त्यांनी आमच्या दामिनीमार्फत विचारलं (अजून लाजतात थोडे), की हा पंखा याआधी कधी तपासला होता. व्याहीबुवा, तो पंखा घर बांधलं तेव्हा लावला आणि त्यानंतर कोणी मान वर करून त्याच्याकडे पाहिलेलं नाही. पंखा फिरतो आणि खाली माणूस झोपतो, यात तपासायचं काय असतं? जवाईबापूंनी मेन स्विच बंद केला. खोलीचा नाही, सगळ्या घराचा. टेबलावर स्टूल चढवलं, बॅगेतून बॅटरी, दांडीला लावलेला इवलासा आरसा आणि भिंग काढलं, आणि पंचेचाळीस डिग्रीत दीड तास वर राहिले. कूलर बंद. तुमची विहीण कौशल्या सुपाने वारा घेत बसली. शेजारच्या पार्बताबाई वीज आपलीच गेली की सगळ्यांची हे पाहायला आल्या आणि त्याही सुपाच्या वाऱ्याला टेकल्या. शेवटी जवाईबापू घामाने निथळत खाली उतरले आणि म्हणाले, काही नाही, ठीक आहे.

मला राग आला. एखादा स्क्रू तरी ढिला सापडला असता तर आमचा घाम कारणी लागला असता. मी म्हटलं, फुकट गेली की मेहनत. तर ते शांतपणे म्हणाले, "फोकट कायची, मामाजी? काई नाई, हे पायलं म्हणून तर समजलं."

मग त्यांनी दामिनीची लाल नेलपॉलिशची बाटली मागितली आणि पंख्याच्या नटावरून खालच्या दांडीपर्यंत एक रेघ ओढली. नट जरासा फिरला तर रेघ तुटते, म्हणजे उद्या खालूनच मान वर करून कळतं. हेलिकॉप्टरला असंच करतात म्हणे. एवढ्यावर थांबले असते तर मी मुकाट राहिलो असतो. पण दुसऱ्या दिवशी कूलर झाला, तिसऱ्या दिवशी शिलाई मशीन झालं, आणि चौथ्या दिवशी ते ओसरीतल्या बंगईकडे वळले. त्या झोपाळ्यावर मी वीस वर्षं दुपारची झोप काढतो आहे. त्यांनी कड्या पाहिल्या, हूक पाहिला आणि अत्यंत अदबीने माझं वजन विचारलं. कौशल्याने ते स्वयंपाकघरातून सांगितलं. (तिने सांगितलेला आकडा जुना होता, हे मी इथे नोंदवतो.) आता घरभर लाल रेघा आहेत, आणि पार्बताबाईंना वाटतं आम्ही कसली तरी पूजा मांडली आहे.

सही ही किती साधी गोष्ट असते हे दाखवायला मी एक युक्ती केली. गॅसवाला सिलिंडर घेऊन आला तेव्हा मी बंगईवरून ओरडलो, जवाईबापू, जरा त्या पावतीवर सही मारा. त्यांनी काटा मागितला, सिलिंडर तोलला, साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहिले, आतली रबरी चकती पाहिली, आणि चाळीस मिनिटांनी सही केली. गॅसवाल्याने जाताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती सांगण्यासारखी नाही. पुढच्या वेळी तो सिलिंडर पार्बताबाईंकडे ठेवून जाणार आहे.

धोंड्याच्या दिवशी मी शेवटचं हत्यार काढलं. पाटाभोवती रांगोळी, तेहतीस अनारसे, पुरणाचे धोंडे, तांब्याच्या ताटात दिवा. अशा वेळी रुसायचा मान जवायाचा, हे मला ठाऊक आहे. पण त्यांना रुसता येत नाही, म्हणून मी रुसलो. सांगितलं, सही करतो म्हणा, त्याशिवाय मी घास घेणार नाही. जवाईबापू घाबरून उठायला लागले. कौशल्याने त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं आणि म्हणाली, "तुमी जेवा जी. यायले भूक लागली का येतेत बरोबर." माझं ताट तिने झाकून ठेवलं. तीन वाजता मी ते उघडलं. थंड धोंडा तुपाशिवाय कसा लागतो हे तुमच्यासारख्या जाणत्या माणसाला सांगायला नको.

त्या संध्याकाळी मी त्यांना सरळच विचारलं, ती चीरच आहे अशी तुमची खात्री आहे का? ते म्हणाले, "नाई. ओरखडाबी असू शकते. मले माहीत नाई, हेच तर लिहून राहिलो मी. साहेबाले 'माहीत हाये' असं लिहून पाह्यजे." मग नेलपॉलिशच्या बाटलीचं झाकण लावत, अगदी सहज, एका मिस्त्रीने दुसऱ्याला विचारावं तसं त्यांनी मला विचारलं, "तुमी कधी न पायता सही केली का, मामाजी?" मी म्हटलं, कधीच नाही. जरा मोठ्याने म्हटलं असेन, कारण कौशल्या पदराला हात पुसत बाहेर येऊन पाहून गेली.

पण व्याहीबुवा, निराश होऊ नका. काम झाल्यातच जमा आहे. पोरगा थकला आहे. रोज तुमचा फोन येतो, फोन ठेवल्यावर तो बराच वेळ पंख्यावरच्या रेघेकडे पाहत पडतो. परवा तो दामिनीला म्हणाला, बाबांनी तोंडावर सांगितलं तर करून टाकतो, त्यांचा शब्द आजवर मोडला नाही. गुरुवारी सकाळी तो इथून निघेल, दुपारी तुमच्या पाया पडेल आणि बडनेऱ्याहून गाडी धरून शुक्रवारी, पाच तारखेला, कंपनीत हजर होईल. तुम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवून एक वाक्य म्हणायचं, की झालं. माझ्याकडून जेवढं होण्यासारखं होतं तेवढं केलं आहे.

वर लिहिलेलं सगळं वाचून पाहिलं, ठीक आहे.

आपला व्याही,
भगवंत

ता. क. जीपवाल्याकडे विहीणबाईंसाठी अनारशांचा डबा दिला आहे. मोजून घ्यावेत. जीपवाल्याचा चेहरा मला भरवशाचा वाटला नाही.

ता. क. दुसरा. वर 'वाचून पाहिलं, ठीक आहे' असं लिहिलं ते न वाचताच लिहिलं. हाताची सवय. आता चष्मा लावून पहिल्यापासून वाचलं. जवाईबापूंना मी 'कधीच नाही' म्हणालो ते खोटं आहे. एकदा केली होती. डिसेंबरची सकाळ होती, फरशीवर पाय ठेववत नव्हता, आणि सातव्या गाडीखाली पाठीवर निजायचं माझ्या जिवावर आलं. 'स्टेअरिंग पाहिले, ठीक आहे' असं लिहिलं, सही केली आणि शेकोटीपाशी गेलो. स्टेअरिंगच्या जोडावर एक नट असतो, आणि तो फिरू नये म्हणून त्यात काडेपेटीतल्या काडीएवढी पिन असते. ती नव्हती. म्हैसांगच्या पुढे नट निघाला आणि गाडी तुरीच्या वावरात गेली. देवीदासजी, ती तुमची बस. ड्रायव्हर श्यामराव दारूच्या थेंबाला शिवत नव्हता. चाक वळलंच नाही, असं तो सगळ्यांना सांगत होता. त्याचं कोणी ऐकलं नाही, कारण वहीत माझी सही होती. त्याची नोकरी गेली आणि मी गप्प बसलो. सोयरिकीच्या बैठकीत तुम्ही गाव आणि तारीख सांगितली तेव्हा पोह्यांचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला. तेव्हाही गप्प बसलो, पोरीचं चांगलं स्थळ जाईल म्हणून. मला फार लाज वाटते. काल श्यामरावाच्या घरी जाऊन सांगून आलो. त्याने माझ्यासाठी चहा करायला सांगितला. स्वतः घेतला नाही.

ता. क. तिसरा. पत्र लिहिलं ते खरं एवढ्यासाठी. गुरुवारी पोरगा पाया पडेल तेव्हा त्याला सही कर म्हणू नका. काहून म्हणू नये ते आता तुम्हाला माहीत आहे. त्याला सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा. नोकरी गेली तर दुसरी लागेपर्यंत दोघं इथे राहतील. गच्चीवरची पाण्याची टाकी अजून तपासायची राहिली आहे. मी रविवारी पहिल्या बसने दर्यापूरला येतो आणि तुमच्या दारात उभा राहतो. उजवा हात तुमचा चांगला आहे.