चौथी बाटली

बोरजाईवाडी, ता. खटाव
२ फेब्रुवारी १९७५

प्रिय अंजू,

तुझं कार्ड मिळालं. तुझ्या आईने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि तिन्ही वेळा 'परीक्षेचा फॉर्म भरणार नाही' ही ओळ मी घाईघाईने उरकली. तू लिहितेस, रसायनशास्त्र आपल्याला जमणारं नाही, घरच्या गिरणीचं इंजिन बंद पाडलं तेवढं पुरे, आता मामा कडेगावचं स्थळ म्हणतोय ते बघू द्या. बारा एकर ऊस आहे म्हणे त्यांचा. असू दे, उसाशी माझं भांडण नाही. पण फॉर्मची शेवटची तारीख दहा आहे, म्हणून हे पत्र पोस्टाच्या भरवशावर न सोडता महंमद फिटरच्या हाती देतोय. तो उद्या इंजिनाचं सामान आणायला सांगलीला येतो आहे.

आधी चांगली बातमी. गिरणी कालपासून सुरू झाली. सात आठवडे बायका डोक्यावर दळण घेऊन ओढ्यापलीकडच्या गावाला चालत जात होत्या. काल इंजिनाचा पहिला ठोका ऐकला आणि मनुबाई भाकरी तव्यावर टाकून पळत आली. "आवं आबा, कवा चालू झाली? माझीच जुंधळ्याची पाटी पयली!" म्हणून भांडायला लागली. भाकरी करपली म्हणून सासूने तिला बोल लावले ते वेगळंच.

अंजू, मला सारखी दिवाळी आठवते. वडूजला डिझेलसाठी माणसांऐवजी डबेच रांगेत उभे होते. तू सुट्टीवर आलीस, तात्याबाच्या घाण्यावरचं करंजाचं तेल बोटावर घेतलंस आणि म्हणालीस, हे दाट आहे म्हणून इंजिनाला पचत नाही, पातळ केलं की पचेल. मी हसलो. सतरा वर्षं मिलिटरीत गाड्यांची इंजिनं खोललेल्या माणसाला काल परकर नेसणारी पोर शिकवणार! पण तू हटली नाहीस. तेलाचा आंबटपणा थेंबाथेंबाने मोजलास, गुलाबी रंग येईपर्यंत. तेल कढवून त्यातलं पाणी उडवलंस. स्पिरिट, म्हणजे निव्वळ मद्यार्कच, तर सरांच्या परवानगीने कॉलेजातच पाणी शोषायला कळीच्या चुन्यावर ठेवून, पुन्हा उतरवून आणलं होतंस. चार बाटल्या, बुचांवर मेण. त्यात कॉस्टिक सोडा विरघळवून कोमट तेलात ओतलंस आणि आपण दोघांनी आळीपाळीने दोन तास ढवळलं. सकाळी पिंपात खाली काकवीसारखा काळा गाळ आणि वर पातळ, पिवळं तेल. ते धुऊन, तापवून, डिझेलात निम्मं मिसळलं, तर दोन दिवसांचं दळण निघालं. धुराला भजी तळल्याचा वास येत होता आणि मी येणाऱ्याजाणाऱ्याला उगाच थांबवून तो हुंगायला लावत होतो.

दुसरी बाटलीही तुझ्यासमोर झाली. जाताना तू दोन ठेवल्यास आणि वहीत सगळं लिहून दिलंस. पाणी फक्त शेवटी धुवायला, त्याआधी थेंबसुद्धा नको, असं खाली दोनदा रेघ मारून. ढवळायचा पळासुद्धा तू उन्हात वाळवून ठेवला होतास.

तिसऱ्या खेपेला काय झालं ते साऱ्या गावाने बघितलं. इंजिन दोन आचके देऊन थांबलं, पंप जाम, नोझल चिकटलं. बायका पाट्या घेऊन उभ्या आणि मी त्यांच्यासमोर म्हणालो, पोरीचं पुस्तकी गणित चुकलं. शनिवारी तू आलीस, ओट्यावर बसून वहीतली ओळन् ओळ तपासलीस. चूक सापडेना. तरी दारात येईल त्या बाईला, काकू, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला, असं हात जोडून म्हणालीस. मी तिथेच बसून पट्ट्याला शिलाई घालत होतो. मान वर केली नाही.

महंमदने इंजिन थांबलं त्याच दिवशी फिल्टर खोलला होता. आतला पांढरा लगदा पाण्यात चोळला तर फेस आला. माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आबा, ह्यो तर साबण हाय. ह्यात पानी कुटनं आलं?" मी फिल्टर त्याच्या हातातून काढून घेतला आणि त्या भल्या माणसाने पुन्हा विचारलं नाही. तुझी आई अजून त्याच लगद्याने भांडी घासते. हात सोलतात, पण डाग जातात म्हणते.

आता लिहितो. माझा पलटणीतला दोस्त मानसिंग पाटणहून आला होता. तुझ्या डोक्यावर हात ठेवून मी दारू सोडली, त्याला सहा वर्षं झाली होती. मानसिंगला तुझ्या बाटल्या दाखवायला गेलो, लेकीचं कौतुक सांगायला. तो म्हणाला, "गड्या, लय दिसांनी अस्सल माल बघितला." मेण मीच फोडलं. गुळाच्या पाण्यात घालून दोघांनी निम्मी बाटली संपवली आणि तुझ्या आईला कळू नये म्हणून ती मी हातभट्टीच्या दारूने भरून ठेवली. त्यात निम्मं पाणी. दुसऱ्या दिवशी तेच तेलात ओतलं. सकाळी पिंपात गाळ ना तेल, नुसती खीर. दारात बायका उभ्या होत्या. मी ती खीर तापवली, धोतरातून गाळली आणि इंजिनात घातली. शपथ मोडल्याची मला एवढी लाज वाटली की तुझी अक्कल गेली असं गावाला वाटू दिलं. बापाने असं करू नये. मी केलं.

तुझं कार्ड आलं आणि मी चौथी बाटली काढली. पंप आणि नोझल महंमदने कामापुरतं सोडवून दिलं होतं. महंमदला समोर बसवून मेण त्याच्या हाताने फोडून घेतलं, तुझी वही वाचत गेलो, दोनदा रेघ मारलेलं चारदा वाचलं. काल गिरणी चालली ती त्या तेलावर. दळण संपल्यावर मी इंजिन बंद केलं आणि ओट्यावरच्या बायकांना जे तुला आता लिहिलं तेच सांगितलं. मनुबाई तोंडावर थुंकायचीच बाकी राहिली. तुझी आई कालपासून माझ्याशी बोलत नाही, ते बरोबरच आहे. मामालाही कळवलंय, परीक्षेआधी स्थळ नको. पुढे तू ठरव. महंमदजवळ काल उरलेल्या तेलाची लहान बाटली दिली आहे, ती सरांना दाखव. तू फॉर्म भरताना डोळ्यांनी बघितल्याशिवाय परत यायचं नाही, असं त्याला बजावलंय, आणि इंजिनाचं सामान त्याच्याकडेच असणार, तेव्हा पोरी, त्याला फार दिवस ताटकळत ठेवू नकोस.

तुझाच, तुझ्या डोक्यावर हात ठेवायचा हक्क गमावलेला,
आबा