वजरीनं घासलेला अंगठा

शुक्रवार, संध्याकाळ. सेनगाव.

आजच्या चहात शर्करेचा समूळ लोप होता. या अनर्थाची नोंद इतिहासाने घ्यावी. तो चहा मी रेशन दुकानासमोर घेतला. आत दुकानात, मेंढ्या राखणाऱ्या गंगूमावशीचा अंगठा मशीन घेईना. मशीनला स्वच्छ अंगठा लागतो असं कुणीतरी सांगितलं, म्हणून तिनं तो सकाळीच पाय घासायच्या वजरीनं खसाखसा घासला. होत्या त्या रेषाही गेल्या.

"मावशी, नवरी व्हायला निघाली होतीस का?"

"हसा, भाऊ. मशीन काहून रुसून राहिली, ते पेपरात लिवा."

लिहीन. मागेही लिहिलं होतं. पण तो गुळगुळीत अंगठा... महिनाअखेरपर्यंत ओळख पटली नाही तर कार्डावरून नाव कटेल. एकटी बाई. धान्य थांबलं तरी ती कुणाला सांगणार नाही, उपाशी निजेल. मला भीती त्याची वाटते.