एकोणतिसाव्या पानावर बाबा

अंतानानारिव्हो, २४ ऑगस्ट १९९८

प्रिय ताहिनादादा यास,

सा. न. वि. वि.

तुझं ‘पाहुण्यांसाठी अंतानानारिव्हो’ हे पुस्तक पाहिलं. टपालाने नाही आलं. परवा सात परक्या माणसांबरोबर गावी आलं.

आपल्या रीतीप्रमाणे वस्त्र बदलायला बाबांना थडग्यातून बाहेर आणलं होतं. बासरीवाले वाजवत होते, आत्या नाचत होत्या. आईने हिवाळाभर विणलेलं रेशमी वस्त्र त्यांच्यावर गुंडाळायला घेतलं, तेवढ्यात गाडी थांबली. माणसं उतरली, कॅमेरे निघाले. मी आडवी गेले तर एकाने तुझं एकोणतिसावं पान नाकासमोर धरलं. ‘पूर्वजांचा नृत्यसोहळा अवश्य पाहा.’ खाली आपल्या गावाचं नाव, तारीख, रस्ता! दुसरा आईला खुणेने सांगत होता, की मृताला जरा उजेडाकडे वळवा.

आई एकदम उठली. बाबांना जुन्याच कापडात परत आत ठेवायला लावलं आणि दार बंद करवलं. सोहळ्याच्या जेवणाचा चरबीचा भात सगळ्या गावाने मान खाली घालून खाल्ला.

बाकीचं पुस्तकही धन्य आहे! राणीचा वाडा जळाला त्याला तीन वर्षं होतील; तुझ्या पुस्तकात अजून उभाच. अनोसी तळ्याकाठी जुलैत जांभळी फुलं म्हणे! जकरांदा ऑक्टोबरात फुलतो, हेही तिकडे जाऊन विसरलास?

लोभ आहे; वाढवावा असं आज लिहवत नाही.

तुझी बहीण,
वुआहिराना

मार्सेय, ९ सप्टेंबर

चि. वुआहिराना हीस,

अनेक आशीर्वाद.

किती चिडतेस! सगळे आपल्या शहराचा बाजार नि पायऱ्या दाखवतात. आपण गेलेल्यांनाही विसरत नाही, हे मला अभिमानाने सांगावंसं वाटलं. पर्यटन कंपनीला नक्की तारीख हवी होती, ती मी दिली. आणि त्या दिवशी वाटेने जाणाऱ्यालाही आपण जेवायला बसवतो ना? मग हे सातच का जड झाले? मला रजा मिळाली नाही, नाहीतर आलोच असतो. आईची समजूत घाल.

रागावलीस तरी लोभ असू दे.

तुझा दादा,
ताहिना

अंतानानारिव्हो, २१ सप्टेंबर

दादा,

सा. न. वि. वि.

वाटेने जाणाऱ्याच्या हातात आपल्या बापाचं वेळापत्रक नसतं. तारीख मी तुला यायला कळवली होती, छापायला नाही. सात जणांना रस्ता दाखवलास, तो तुला तेवढा सापडला नाही!

आईची समजूत मी घालणार नाही. ती सांगतेय ते खाली उतरवते. यात माझा शब्द नाही.

चि. ताहिनास,

वुआहिराना त्या लोकांवर रागावली. मी नाही. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक? त्यातली एक बाई तर टोपी काढून रडत उभी होती.

मी दार बंद करवलं ते वेगळ्याच कारणाने. गाडी थांबली तेव्हा मी तुझ्या बाबांना सांगितलं, की पोरगा आला हो. मग एकेक जण उतरत गेला. सातवा उतरेपर्यंत मी बघत होते. गेलेल्या माणसाशी मी खोटं बोलले. त्यानंतर कुठल्या तोंडाने त्यांना नवं वस्त्र नेसवणार होते?

वस्त्र पेटीत आहे. तू येईपर्यंत ते दार मी कुणाला उघडू देणार नाही.

आशीर्वाद पत्रातून पाठवत नाही. इथे येऊन घे.

तुझी आई