फटफटीला गोडं पाणी

॥ श्री ॥

कोल्हापूर
ता. १५ नोव्हेंबर १९५९

ती. सौ. हिराबाय हिस,
लवूचा सा. न. वि. वि.

दसऱ्यालाच पत्र लिहायला बसलो होतो. शाई आणायला बाहेर पडलो तर तालमीत कुस्त्या चालल्या होत्या, तिथे थांबलो. मग दिवाळी आली. तेव्हा शाई होती, पण टाक कुणीतरी नेला होता. खरं सांगायचं तर बाय, पत्र लिहिलं की तू विचारणार घरी कधी येतोस, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून ढकलत राहिलो. आता एकदाची रागाव आणि मोकळी हो.

मी सध्या दस्तगीरमामांच्या गॅरेजात आहे. फटफट्यांची दुरुस्ती. मामा मला लवू म्हणत नाहीत, मालवण म्हणून हाक मारतात. रागावले की हातोडा फेकतात, पण लागणार नाही असा फेकतात. इथे मासा म्हणून तळ्यातलं काहीतरी मिळतं, त्याला चिखलाचा वास. बांगड्याची फार आठवण झाली की मी नुसतं मीठ चाटतो.

पण लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या आठवड्यात ट्रकात घालून एक फटफटी आणली. भावोजींच्या फटफटीसारखीच, लष्करातून निघालेली. सीटखालचा पाइप मोडून गाडीचे दोन तुकडे झाले होते. मालक समुद्रकाठचा. मागे त्याची बायको बसली होती, ती इस्पितळात आहे. तो मनुष्य दुपारभर गॅरेजच्या पायरीवर बसला, पण गाडीकडे एकदा बघेना. मामांनी मोडलेला पाइप माझ्या हातात दिला. वरून रंग चकचकीत, आणि दाबला तर पापडासारखा चुरला. मामा म्हणाले की खारं पाणी आतून खातं आणि बाहेर पत्ता लागू देत नाही.

मला एकदम तू दिसलीस. दोन्ही बाजूंना माशांच्या टोपल्या आणि मागच्या सीटवर तू, कट्टा गावच्या बाजाराला निघालेली. त्या टोपल्यांतलं पाणी ठिबकतं कुठे ते बघ. गाडी धुता का, कशाने धुता, तेही कळव. मी विचारलं म्हणून भावोजींना सांगू नकोस. शिव्या मला बसतील.

तुझ्या सासूबाईंना, यमुनाबाईंना, माझा नमस्कार सांग. माझ्यावरचा लोभ निदान पुढचं पत्र येईपर्यंत तरी टिकव.

तुझा
लवू

॥ श्री ॥

मालवण
ता. २६ नोव्हेंबर १९५९

चि. लवूस,
हिराचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोस्टमनने दोनदा उलटून पाहिलं आणि मगच हातात दिलं. त्यालाही खरं वाटेना. टाक कुणी नेला होता ते मला ठाऊक आहे. तूच कानावर ठेवून विसरला असशील.

गाडीचं विचारतोस, तर ह्या घरात माझ्यापेक्षा गाडीची निगा जास्त होते. रोज संध्याकाळी तुझे भावोजी तिला वाळूपर्यंत ढकलत नेतात आणि सासूबाई स्वतःच्या हाताने दर्याच्या पाण्याच्या कळश्या तिच्यावर ओततात, होडी शिंपतात तशी. त्यांचं म्हणणं असं की गोड्या पाण्यान व्हडी कुसता, खाऱ्यान टिकता, मग फटफटीन काय वेगळा पाप केल्यान? पावसाळ्यात तर तिला गोणपाटात गुंडाळून ठेवली होती, गोड्या पाण्याचा थेंब लागू नये म्हणून. मध्ये कुठे कुठे तांबूस दिसायला लागली, तेव्हा भावोजींनी होडीचं डांबर फासलं. नारळी पुनवेला होडीबरोबर तिलाही नारळ वाढवला. गावात कुणाच्या जावयाचा एवढा मान नाही.

हे सगळं चुकतंय काय रे? टोपल्यांतलं पाणी बरोबर माझ्या सीटखालीच उतरतं. तुझं पत्र वाचल्यापासून मागे बसले की दर खड्ड्याला मी सीटखाली हात घालून चाचपते.

नको म्हणालास तरी मी त्यांना विचारलं. व्हायचं तेच झालं. म्हणाले की लवू वेंगुर्ल्याक काजूच्या कारखान्यात गेलो, तो सोडून इलो. कुणकेश्वराक जत्रेत नारळाचा दुकान घातल्यान, ता जत्रा सरायच्या आधी मोडल्यान. आणि आता तो माका लोखंड शिकयतलो? तुला ठाऊकच आहे, बापाच्या होडीतला हिस्सा विकून त्यांनी ही गाडी घेतली तेव्हा सगळा वाडा हसला होता. कट्ट्याला ताजे मासे सगळ्यांच्या आधी पोचायला लागले तेव्हा कुठे ती तोंडं बंद झाली. आता गाडीत खोट काढली की त्यांना वाटतं, मी तो हिस्सा पुन्हा उगाळते आहे.

तू जेवतोस ना वेळेवर? मीठ चाटू नकोस, खोकला होतो. सुके बांगडे पाठवीन. तुझ्याकडे आमचं लक्ष आहे, तुझंही इकडे असू दे.

तुझी
हिराबाय

॥ श्री ॥

कोल्हापूर
ता. ४ डिसेंबर १९५९

ती. सौ. हिराबाय हिस,
लवूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मामांना वाचून दाखवलं. कळश्यांपर्यंत आलो तेव्हा ते हसत होते. डांबरापर्यंत आलो तेव्हा हसायचे थांबले.

बाय, आधी सासूबाईंच्या हातातली कळशी काढून घे. कशी घेशील ते तुझं तू बघ, पण घे. होडीचं त्या सांगतात ते खरंच आहे, लाकडाला खारं पाणी मानवतं. लोखंडाचं नेमकं उलटं. मामा म्हणतात की गाडीला रोज गोड्या पाण्याने धुवा, विहिरीच्या. फडक्याने कोरडी करा, सांध्यासांध्यात फडकं घाला, आणि मग तेलाचा हात फिरवा. इथे आम्ही इंजिनातलं जळकं तेल लावतो. टोपल्यांखाली डब्याचा पत्रा कापून पन्हळीसारखा वाकवून लावा, म्हणजे माशांचं पाणी रस्त्यावर पडेल. आणि ते डांबर खरवडून काढायला हवं. आत मीठ आणि ओल दोन्ही कोंडून बसली आहेत, तिथे ती काय करत असतील ते दिसत नाही.

सीटखालच्या पाइपावर छोट्या हातोडीने ठोकून बघ. चांगलं लोखंड घंटेसारखं वाजतं, खाल्लेलं लोखंड ओल्या नारळासारखं. मी आता येणाऱ्या प्रत्येक गाडीला ठोकून बघतो. काल एका मास्तरांच्या सायकलीलाही ठोकलं, ते रागावले. त्यांच्याकडे एक मोडकी पेटी होती, तिचा भाता दुरुस्त करून दिला, म्हणून वाचलो. भाता कसा असतो ठाऊक आहे का तुला? आतून कातडं असतं, घडीघडीचं. पण ते जाऊ दे.

पाइप बद्द वाजला तर त्या गाडीवर बसू नकोस. पायी जा, बाजार बुडव, काय वाटेल ते कर. मी दत्तजयंतीला येतो आणि गाडी इथे घेऊन येतो. मामांनी सुट्टी दिली आहे. ह्या वेळी खरंच येतो. भावोजींना सांग, त्यांनी मला वाटेल ते म्हणावं, पण तोपर्यंत गाडी उभी ठेवावी.

आहे तेवढी माया असू द्यावी, जास्तीची मी आल्यावर मागून घेईन.

तुझा
लवू

॥ श्री ॥

मालवण
ता. ६ जानेवारी १९६०

चि. लवूस,
हिराचे आशीर्वाद.

दत्तजयंतीला तुझ्यासाठी खापरोळ्या केल्या होत्या. सासूबाईंनी खाल्ल्या. का आला नाहीस ते विचारत नाही. कुठे कुस्ती असेल, नाहीतर पेटी.

तू सांगितलंस तसं केलं. सासूबाई देवळात गेल्या की मी विहिरीच्या पाण्याने गाडी धुवायची. जळकं तेल आमच्याकडे कुठलं, म्हणून होडीला लावतात ते मुशी माशाचं तेल लावलं. वासाने वाड्यातली सगळी मांजरं गाडीभोवती. एक तर टाकीवर बसून चाटत होतं. सासूबाईंना कळलं तेव्हा त्यांनी मला घराचा नाश करायला आलेली म्हटलं आणि पुन्हा कळशी ओतली. मी पुन्हा धुतली. असं आमचं दोघींचं चाललं होतं, तुझे भावोजी मध्ये पडले नाहीत.

मग हातोडी मारली. ओला नारळ, लवू. तुझ्या भावोजींना बोलावून ऐकवलं. म्हणाले की डांबर आसा म्हणान तसा वाजता. मी गाडीवर बसायचं बंद केलं. टोपली डोक्यावर घेऊन पहाटे पायी कट्ट्याला जायला लागले, लग्न झालं तेव्हा जात होते तशी. बायकांनी विचारलं की घोवान टाकल्यान काय गो. तुझे भावोजी रोज मागून गाडीवर यायचे. माझ्याजवळ आले की गाडी हळू करायचे आणि मग पुढे जायचे. गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत मी पाय उचलत नसे. मी उतरले तरी ते त्याच गाडीवर बसतच होते ना.

रविवारी ते जाळी बघायला किनाऱ्यावर गेले, तेव्हा मी सीटखालचं डांबर खरवडलं आणि केसातला आकडा काढून टोचला. तो आत गेला. जोर लावलाच नाही, पिकल्या फणसात जावा तसा गेला. होडीच्या फळीत अशी टोचणी गेली तर तुझे भावोजी ती होडी दर्यात घालू देत नाहीत, परक्याची असली तरी आडवे येतात. म्हणून मी आकडा काढला नाही. तसाच उभा ठेवला आणि घरात येऊन भात वैरला.

सोमवारी पहाटे ते टोपल्या बांधायला गेले. मी चुलीपाशीच बसून राहिले. बराच वेळ काही आवाज नाही. मग बघते तर टोपल्या अंगणात तशाच, आणि ते गाडी ढकलत वाटेने चाललेले. हाक मारली, वळले नाहीत. वळणापलीकडे गेल्यावर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, असं सासूबाई म्हणतात. मी म्हणते नाही आला. पण मला खात्री नाही रे.

आज बुधवार. कट्ट्याला कुणी त्यांना पाहिलं नाही. लोक म्हणतात रागाने कुठेतरी निघून गेले. मला तो तुझ्या पायरीवर बसलेला मनुष्य डोळ्यांसमोर येतो, आणि पुढचं मी बघत नाही. सासूबाई दोन दिवस कळशीला हात लावत नाहीत. काल मला म्हणाल्या की माझ्याच हातांनी ओतलंय गो.

तू ये. ह्या वेळी कुठे थांबू नकोस.

हिराबाय

॥ श्री ॥

कोल्हापूर
ता. ९ जानेवारी १९६०

ती. सौ. हिराबाय हिस,
लवूचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आत्ता दुपारी मिळालं. आजची गाडी गेली. उद्या पहाटेच्या गाडीचं तिकीट काढून ठेवलंय आणि ते मामांकडेच दिलंय, माझ्यावर माझाच भरवसा नाही म्हणून. हे पत्र माझ्या आधी पोचलं तर तुझा जीव थोडा निवेल, माझ्या नंतर पोचलं तर मीच वाचून दाखवीन.

दत्तजयंतीला का आलो नाही ते सांगतो. पिशवी भरून स्टँडवर गेलो होतो. तिथे मिरजेला निघालेला एक ट्रकवाला भेटला, म्हणाला चल, रेल्वेचं इंजिन जवळून दाखवतो. गेलो. परत आलो तेव्हा सुट्टी संपली होती. तुझं पत्र वाचल्यापासून ते इंजिन माझ्या छातीवर बसलंय. बाय, मी वेळेवर आलो असतो तर तुला आकडा टोचावा लागला नसता. उद्या कणकवलीला उतरून मी प्रत्येक इस्पितळात आणि प्रत्येक चढावर विचारत विचारत येणार आहे. तू घर सोडू नकोस. सासूबाईंना

पुढे तासाभराने लिहितोय. हात तेलकट आहे, कागद डागाळला तर समजून घे.

गॅरेजसमोर नारळांचा ट्रक थांबला. वर पोत्यांच्या मधोमध फटफटी उभी बांधलेली, आणि तिच्याशेजारी भावोजी. धडधाकट आहेत. अंगावर ओरखडा नाही. हे आधी वाच आणि सासूबाईंना ओरडून सांग, मग पुढचं वाच.

वळणापलीकडे त्यांनी गाडी सुरू केली नव्हती. तू म्हणालीस तेच खरं. आडवाटेने ती ढकलत हमरस्त्यावरच्या कसालपर्यंत नेली, म्हणून कट्ट्याला कुणाला दिसले नाहीत. ट्रक मिळायला वेळ गेला, मिळाला तो घाटात बंद पडला. तुझ्याकडे पत्ता मागायचा तर तोंड दाखवावं लागलं असतं, म्हणून माझं नाव घेत इथल्या गॅरेजांतून हिंडले. सगळीकडे मला ओळखत होते आणि सगळीकडून मी सोडून गेलो होतो. ते सांगून झाल्यावर भावोजी म्हणाले की तुझी कीर्ती मोठी आसा. एवढंच. दुसरी शिवी नाही.

मामांनी गाडी पाहिली. मुशीच्या तेलाचा वास आला तेव्हा नाक धरलं, मग जिथे तू ते चोळलं होतंस तिथे बोट फिरवून म्हणाले की एवढा भाग वाचलाय, तेल चांगलं आहे, फक्त मांजरांचं काहीतरी करा. सीटखालचा पाइप कापून नवा जोडावा लागेल. भावोजींनी विचारलं, म्हणजे कुसलेली फळी काढून नवी बसवतात तसं? मामा हो म्हणाले. मग गोड्या पाण्याचं त्यांनी मामांच्या तोंडून दोनदा ऐकून घेतलं. शेवटी एवढंच विचारलं की ह्या आवशीक कोण सांगतलो. मी म्हटलं, तुमच्या आईला कळलंय.

आकडा अजून पाइपात होता. एवढ्या खडबडीत रस्त्याने आला, पण पडला नाही. मामा पकडीने काढायला गेले तर भावोजींनी त्यांचा हात बाजूला केला. स्वतः उपटला, पंच्याला पुसला, आणि माझ्या हातात देऊन म्हणाले की पत्रात घाल, तिचे केस सुटे असतील.

पाकीट जपून उघड, टोचेल.

तुझा
लवू