एक नंबर लहान

७ जानेवारी

आज तो दुकानात आला. माझ्याच काउंटरवर! गावात खेळाच्या सामानाची दुकानं काय कमी आहेत? पण ह्याला बरोबर हाच दरवाजा सापडला. घटस्फोट झाल्यापासून मी रस्त्यात दिसले की पलीकडच्या कडेला जाणारा माणूस. आज मात्र सरळ आत. पायपुसण्यावर बूट आपटले, टोपी काढली (केस बरेच गेलेत, बरं वाटलं) आणि म्हणाला, "जरा हातमोजे बघायचे होते. स्कीइंगचे. बायकांचे."

बायकांचे.

"कुणासाठी?" विचारायला नको होतं. विचारलं.

"आहे एक जण." जमिनीकडे बघत. "बोटं फार गारठतात. उबदार हवेत, आणि नीट बसणारे. यातलं तुझ्याइतकं कुणाला कळतं?"

सगळ्या संसारात मला काही कळतं असं हा माणूस एकदाही म्हणाला नव्हता. कवळीची बोटं गारठली तेव्हा साक्षात्कार झाला.

कवळी म्हणजे ती दातांची डॉक्टर. हा तिच्याकडे दाढ दाखवायला गेला तो गेलाच. आणि दाढ माझी दुखत होती, हेही लिहून ठेवते. वेळ मी घेतली होती, मला ताप भरला, वेळ फुकट जायला नको म्हणून हा जाऊन बसला. दाढ मी नंतर दुसरीकडे काढली.

माप विचारलं तर म्हणतो, "अगदी तुझ्यासारखा हात आहे. निमुळता. तूच घालून दाखव ना."

म्हणजे तिच्या सुखासाठी हात मी पुढे करायचा. तळपायाची आग मस्तकात गेली. पण मालक पलीकडे स्कींना मेण लावत उभे होते, गिऱ्हाइकाशी वाकडं बोललेलं त्यांना खपत नाही. मूग गिळले. "नवा माल यायचाय. परवानंतर या," म्हणाले. माल आलेलाच होता. त्याला 'या' म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

८ जानेवारी

लेकीचा फोन. वसतिगृहातलं पाणी गार, खोलीतली मैत्रीण घोरते, बाकी ठीक. मग हळूच, "आई, तू बाबांवर अजून तेवढीच चिडलेली आहेस?"

म्हटलं, "तेवढी नाही. वाढलाय राग."

बापाचा पुळका आहे थोडा, असणारच. पण पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं होतं मी तिला—त्या दोघांच्या वाऱ्याला उभी राहिलीस तर मला आई म्हणू नकोस. तेव्हा मान खाली घालून 'बरं' म्हणाली होती. शब्द पाळलाय तिने. घरात एक तरी माणूस शब्दाचं निघालं.

९ जानेवारी

ठरलं.

हातमोजे घेताना लोक एकच चूक करतात. वर्षानुवर्षं तीच. मोजा चढवतात, बोटं ताठ पसरतात, हात आरशासमोर धरतात आणि खूश होतात. बर्फावर काय कुणी हात पसरून उभं राहणार आहे? तिथे काठी धरायची असते, मूठ वळायची असते. म्हणून मी काउंटरवर स्कीची एक काठी कायम ठेवते. घाला, धरा, आवळा. अंगठ्याच्या बेचक्यात ओढ बसायला नको, बोटांच्या टोकांशी चिमटीत येईल एवढी मोकळी जागा हवी. तेवढ्या जागेतली हवाच ऊब देते. मोजा घट्ट झाला की रक्त अडतं, आणि रक्त अडलं की आत कितीही भारी लोकर असो, बोटं गार ती गारच.

तर कवळीला एक नंबर लहान. बास. शिवी नाही, शाप नाही, भांडण नाही.

दुसऱ्या फेरीलाच बोटं बधिर होणार. ती कुरकुरणार. मग ह्याला उतार सोडून तिचे हात चोळत बसावं लागणार, आणि स्वतःच्या सुट्टीत दुसऱ्याची सेवा करावी लागली की ह्याचं तोंड कसं होतं ते मला ठाऊक आहे. मी तापाने फणफणले होते तेव्हा पाहिलंय. दोघं तोंडं फुगवून खाली येतील. गाडीत एकमेकांशी बोलणार नाहीत.

मला एवढंच हवंय. खरं सांगायचं तर जरा जास्तही चालेल.

१० जानेवारी

आला. दाढी करून आला होता.

तो दार ढकलत होता तेवढ्यात काठी काउंटरखाली सरकवली. माझा नंबर सात. सहाचा जोड काढला—गडद लाल, मऊ चामड्याचा, दुकानातला सगळ्यात देखणा. आत हात कोंबताना जीव गेला, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. बोटं पसरून त्याच्यासमोर धरली. सुरकुती नाही कुठे. "बघा. अंगावर शिवल्यासारखा बसलाय."

तो माझ्या हाताकडे बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "रंग आवडेल का गं?"

"मला काय माहीत!"

"नाही, तुला काय वाटतं?"

निर्लज्जपणाला काही सीमा! "आवडेल की. लाल कुणाला आवडत नाही?"

शेजारच्या काउंटरवर बूटवाला गिऱ्हाइकाच्या पायाशी बसला होता. त्याला सगळं दिसतं. "ताई, हा सहा आहे. मागे सात आहे ना?"

"संपला."

त्याने वर टांगलेल्या सातकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा बुटाचे बंद आवळायला लागला. शहाणा माणूस.

मग मी कळस चढवला. पातळ लोकरीचे आतले मोजे काढले आणि भेट म्हणून पिशवीत टाकले. "हे आधी घालायचे, वरून चामड्याचे. ऊब दुप्पट." मोकळ्या हातमोज्यात हे अगदी खरं आहे. घट्टात घातले की फासच. लोकांना वाटतं थर वाढवले की थंडी पळते. त्यालाही वाटलं.

"कधी जाताय?"

"शनिवार-रविवार. वरच्या उतारावर." पिशवी घेतली आणि दारात थांबला. "तू मनाने चांगलीच आहेस. मी उगाच घाबरत होतो यायला."

सातचा जोड काढून द्यावा असं क्षणभर मनात आलं होतं, ते या वाक्यासरशी गेलं. चांगली म्हणे! चांगुलपणाचं काय केलंस ते पाहिलं ना मी.

११ जानेवारी

दिवसभर गुणगुणत होते. मालकांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना.

१३ जानेवारी

रेडिओवर सांगितलं, वर वारा सुटणार, पारा या हिवाळ्यात गेला नाही एवढा खाली जाणार. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो. घरी येऊन खिडकीत चहा पीत बसले. पलीकडच्या छपरावर बर्फ चढत होतं. प्रत्येक थराला म्हटलं, ये बाबा.

१४ जानेवारी

बूटवाल्याने आज जेवणाच्या सुट्टीत पायातला मोजा काढून दाखवला. डाव्या पायाची करंगळी अर्धीच आहे, बाकीची बर्फाने नेली. इतकी वर्षं शेजारी काम करतोय, मला माहीत नव्हतं.

"आधी दुखतं. मग दुखायचं थांबतं. माणसाला वाटतं, चला, बरं झालं. तिथेच फसतो," म्हणाला. मग मोजा चढवत, माझ्याकडे न बघता, "कुणाचं काय असेल ते असो ताई, पण उद्या वर फार वाईट हवा आहे."

मी म्हटलं, "मला काय सांगतोस?"

"कुणालाच नाही. आपलं बोलतोय."

डबा तसाच झाकून ठेवला. कवळीने अर्धं आयुष्य लोकांच्या तोंडात हात घालण्यात घालवलंय. बोटंच गेली तर करेल काय? मला तिची फजिती हवी होती. बोटं नको होती. असं दहादा मनाशी म्हटलं आणि संध्याकाळी त्याला फोन लावला. हातमोज्यांच्या त्या मालात खोट निघाली, बदलून न्या, एवढंच सांगणार होते.

फोन तिनेच उचलला. आवाज साखरेत घोळलेला. "ते सामान भरतायत गाडीत. उद्या पहाटे निघायचंय ना. काही निरोप द्यायचाय का?" आणि मग, आणखी गोड, "तुम्ही हातमोजे इतक्या आपुलकीने निवडून दिलेत, खूप बरं वाटलं आम्हाला."

आम्हाला!

माझ्या तापाच्या दिवशी माझ्या वेळेत माझा नवरा खुर्चीत बसवून घेणारी बाई मला सांगते आम्हाला बरं वाटलं. "काही निरोप नाही," म्हणाले आणि ठेवला.

करावे तसे भरावे. मी सांगायला गेले होते. तिनेच नको म्हटलं असं समजू.

१५ जानेवारी

वारा. दुकानाचं दार उघडलं की बंद करायला दोन माणसं लागत होती. बूटवाला माझ्याशी कामापुरतं बोलला.

१६ जानेवारी

काही कळलं नाही. विचारणार कुणाला? लेकीला फोन केला, लागला नाही. तिला तरी काय विचारणार होते!

१८ जानेवारी

गंमत झाली.

भाजी घ्यायला गेले तर समोर कवळी. बटाटे निवडत होती, उघड्या हातांनी! दहाच्या दहा बोटं गुलाबी, धडधाकट. आणि हात केवढे! आखूड, जाड बोटं, तळवा रुंद. कायम रबरी मोज्यात असतात, मी कधी पाहिलेच नव्हते. सहाचा सोडा, तिला माझा सातही होणार नाही. आठ लागेल, कदाचित नऊ. माझ्यासारखा निमुळता हात म्हणे!

म्हणजे ते लाल हातमोजे हिच्यासाठी नव्हतेच.

बटाट्यांच्या ढिगाशी उभ्या उभ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तिसरी आहे! निमुळत्या हातांची, उबदार भेटी मिळणारी तिसरी! "आहे एक जण." जमिनीकडे बघत. आणि ही वेडी 'आम्हाला आम्हाला' करतेय. ज्या वाटेने हा माझ्याकडून गेला त्याच वाटेने तिच्याकडूनही निघाला. मी उगाच चामडं खर्ची घातलं. माझा सूड तोच उगवतोय, आणि तोही फुकटात.

तिने मला पाहिलं. चेहरा उतरलेला, डोळे सुजलेले. माझी खात्रीच पटली, कळलंय हिला. पिशवी खाली ठेवून जवळ आली. "तुमच्याशी बोलायचं होतं. मी येणारच होते तुमच्याकडे, पण तिनेच शपथ..."

तिचं रडगाणं मी का ऐकू? माझं कुणी ऐकलं होतं? "माझे दात दुखत नाहीत हल्ली," म्हणाले आणि ताठ मानेने पुढे निघाले. मागून तिने हाक मारली. दोनदा. वळले नाही. असं वाक्य माणसाला आयुष्यात एकदाच सुचतं, आणि नेमकं वेळेवर. मला सुचलं.

आज जेवले पोटभर.

१९ जानेवारी

लेक आली. दोन्ही हात बांधलेले. दार पायाने ठोठावलं तिने.

बापाबरोबर वर गेली होती. मला कळलं तर मी तिला आई म्हणू देणार नाही, म्हणून सगळ्यांना शपथ घातली होती. डॉक्टर म्हणतात उजव्या हाताचं काही सांगता येत नाही, थांबून बघू.

"काढले का नाहीस गं, बोटं बधिर झाली तेव्हा?"

"बाबा काढ काढ म्हणत होते. मीच नाही काढले. तू स्वतःच्या हातात घालून निवडलेस म्हणाले ना ते. मला वाटलं, तुला कळलंय मी जातेय, आणि तू रागावली नाहीस."