बारा नग कोळंबी, मेणाची

आदरणीय तोकुजी मामा,

गुजोला पाऊस लागला असेल, नदी गढूळ झाली असेल आणि तुमचा डावा गुडघा हवामान खात्याच्या आधी बोलू लागला असेल. मी इथून वाकून नमस्कार करते आहे, तो पोचला असं धरा. मामीचा खोकला कसा आहे? माझी तब्येत ठीक आहे. वजन दोन किलो उतरलं, त्याचं कारण पुढे येईल. (फोन केला असता, पण तुमच्याकडे तो मामी उचलते आणि मामीच ठेवते.)

आईने सांगितलंच असेल की दिव्यांच्या कारखान्यातली नोकरी सोडून मी गाणं करते आहे. (ती 'नोकरी सुटली' म्हणते. सुटली नाही, सोडली.) हे माझं पहिलं गाणं. हॉटेलच्या काचेच्या कपाटात मांडलेल्या, तुम्ही बनवता तसल्या नमुन्याच्या खोट्या पदार्थांमध्ये एक तळलेली कोळंबी एकतीस वर्षं उभी आहे. शेजारचं ऑम्लेट, शेजारचा हिरवा सोडा लोक दिवसातून वीस वेळा मागवतात, तिला कोणी मागवत नाही, एवढाच विषय. शब्द माझे आहेत. चेहऱ्यावर काहीही न आणता मी ते गाते आणि आमचे दिग्दर्शक ताकिमोतो म्हणतात की सगळी गंमत त्यातच आहे. मला वाटत होतं मी भावपूर्ण गाते आहे.

गाण्याच्या चित्रफितीत भिंती गुलाबी, जमीन पिवळी, टेबल निळं, टेबलावर चाळीस पदार्थ आणि मध्यभागी सहा किलोच्या कोळंबीच्या पोशाखात मी. (वजनाचं कारण हे.) खरे पदार्थ दिव्यांखाली टिकेनात. आईस्क्रीम चार मिनिटांत बसायचं. म्हणून मी गेल्या महिन्यात गुजोला आले होते. तुम्ही स्नानगृहात गेला होतात. मी मामीकडे तुमचे प्लास्टिकचे नमुने मागितले. त्यावर मामी म्हणाली, "अगं, ती प्लास्टिकची काय नेतेस? वरच्या फळीवरची ने, रंग बघ तरी त्यांचे! ह्यांची मान वर होते कुठे, कळायचं नाही त्यांना." (वाक्य तिचं आहे, मी फक्त नोंदवते आहे.) मी पाच कोळंब्या उचलल्या. जड लागल्या. चांगल्या मालाचं लक्षण समजले आणि तपासलं नाही. ती चूक माझी.

ताकिमोतोंना जुने तारेचेच दिवे हवे होते, त्यांच्या उजेडात रंग भरून येतात म्हणे. मी टेबलावर तापमान मोजलं, अठ्ठावन्न अंश भरलं. प्लास्टिकला त्याचं काही नाही. मेण बावन्नला मऊ पडतं हे मला माहीत होतं. समोर मेण आहे हे माहीत नव्हतं. दुसऱ्या कडव्याच्या तिसऱ्या ओळीला पहिल्या कोळंबीने मान टाकली. मग कंबर गेली, मग वरचं पिवळं कवच निळ्या टेबलावरून ओघळत निघालं, आणि तिच्यामागून आणखी दोघी. ताकिमोतो ओरडले, "थांबू नका! कोणी हात लावायचा नाही!" माझ्या पोशाखाला हात नसल्यामुळे आज्ञा पाळणं सोपं गेलं.

मामा, त्या सगळ्या रंगीत खोट्या वस्तूंमध्ये तेवढी एकच गोष्ट जिवंत दिसत होती. दुर्दैवाने कॅमेरा माझ्या तोंडावर होता. गाणं बारा जुलैला बाहेर पडतं आहे, फक्त शेवटच्या कडव्याला अजून चित्र नाही. तिथे फुगे सोडावेत असं कंपनीचं म्हणणं आहे. मी फुगे सोडू देणार नाही.

त्या कोळंब्या तुमच्या हातच्या शेवटच्या मेणाच्या होत्या, हे मला मामीने नंतर सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी उन्हाने मान टाकलेली कोळंबी घेऊन तो हॉटेलवाला भर बाजारात तुमच्या दुकानात आला, ती गल्ल्याशेजारी ठेवून म्हणाला, "ही झोपली, हिला परत घ्या," आणि त्या दिवसापासून तुम्ही मेणाला हात लावला नाही. (मी तेव्हा जन्मले नव्हते, पण तुम्ही ही हकिकत दर नववर्षाला सांगता, त्यामुळे हजर असल्यासारखंच आहे.) गाण्यातला एकतीसचा आकडा तिथूनच घेतला आहे. पाचही नग गेले. मी माफी मागते. कळावं एवढ्यासाठीच हे पत्र, बाकी काही मागणं नाही. गुडघ्याला ऊब द्या.

तुमची भाची,
मिओरी

ता. क. पाचही चुकून गेल्या असं वरून वाटेल. तीन चुकून गेल्या. चौथी आणि पाचवी मी स्वतः दिव्याखाली ठेवल्या, मेण आहे हे कळल्यानंतर. चौथीच्या वेळी कॅमेरा उशिरा फिरला, पाचवीच्या वेळी मी माझ्याच शेपटीत अडखळले. सहावी असती तर तीही ठेवली असती.

ता. क. २. सोबत गुरुवारच्या सकाळी नऊ-चाळीसच्या बसचं तिकीट आहे. इथे लाकडी टबात बेचाळीस अंशांचं पाणी तयार असेल. मी सहा वर्षांची असताना तुम्ही एकदाच, मामीलाही न सांगता, कोमट पाण्यावर उंचावरून पिवळं मेण सोडलं होतं आणि त्याचं फूल होऊन ते कोळंबीभोवती गुंडाळलं गेलं होतं. म्हणजे मेणाला हात लावला नाही हेही पूर्ण खरं नाही. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुमचा एप्रन मामीने रविवारीच इस्त्री करून पिशवीत घातला आहे.

ता. क. ३. ही रीतसर मागणी समजावी. तळलेली कोळंबी, मेणाची, बारा नग. या वेळी मान टाकली नाही, तरच परत करीन.