खुन्याचं रक्त वेगळं असतं

५ जुलै, सकाळ
'नदिया जिल्ह्यातील खुनी' या माझ्या पुस्तकाचा शुभारंभ. पहिलं वाक्य उतरलं: खुनी माणसाचं रक्तच वेगळं असतं. झकास! एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, माणसं नकाशासारखी वाचता येतात. दुर्गापूजेपर्यंत पुस्तक बाजारात. रोज पाच पानं, चहा एकच.

६ जुलै
पानं शून्य. चहा चार. बायकोचा भाऊ बटकृष्ण आलाय, चार दिवसांसाठी. ट्रंक मात्र मोठी आहे. म्हणे, "जामाईबाबू, आज किती मुडदे पाडले?" दुर्लक्ष केलं.

११ जुलै
प्रकाशक म्हणतो, वर्तमानपत्रातली कात्रणं कोणीही चिकटवतं, एखादा जिवंत खुनी बोलता करा. नाहीतर हस्तलिखित घेऊन जा. मूर्ख! असो. घाटावरचा हरिपद सायकलवाला चौदा वर्षं भोगून आलाय. प्रेम, लोभ की सूड, एवढं ठरलं की प्रकरण तयार.

१४ जुलै
हरिपदकडे तीन तास. मला पंप मारायला लावलं. कॅरमवरून भांडण, स्टूल हाताला लागलं, मेला तो मित्रच, म्हणाला. जुनं वैर? नाही. बाई? नाही. पैसा? "नाही हो मास्तर. राग आला. अर्धा मिनिट. जेवलो नव्हतो बहुतेक." याचं प्रकरण कसं करायचं? रक्ताबद्दल छेडलं तर डोळे पुसायला लागला. पार निराशा केली माणसाने.

२० जुलै
शेवटी 'सूड' असंच लिहून टाकलं. बटकृष्णाने ते स्वयंपाकघरात मोठ्यांदा वाचलं. माझी बायको शेफाली पदर तोंडाला लावून हसली. याचे चार दिवस कधी संपणार? मी शांत. लेखकाला संयम लागतो.

२३ जुलै, दुपारी दीड
रोहू आणला, स्वतः निवडून. माशाचं डोकं घरच्या कर्त्याचं, लग्नापासून माझ्याच ताटात पडतं. हात धुऊन येतो तर बटकृष्ण ते चोखत बसलेला! "तुम्ही खुन्यांत रमलात जामाईबाबू, म्हटलं गार होईल." शेफाली म्हणाली, एक दिवस नाही मिळालं तर काय बिघडलं?

दुपारी तीन
वरवंटा हातात कधी आला, आठवत नाही. बटकृष्णाच्या कानाजवळून गेला. भिंतीचा पोपडा पडला. शेफाली भावाला घेऊन शेजारी गेली. जाताना विळीही घेऊन गेली.

मी त्यांना थांबवलं नाही. वरवंटा त्याला लागावा, असंच वाटत होतं मला.